बाबांना खुर्चीवरून उठू द्या

पार्किन्सन हे नाव आता आपल्या वस्त्यांना नवे राहिलेले नाही. पूर्वी म्हाताऱ्या माणसाचा हात कापू लागला की 'वय झालं' म्हणून सोडून देत असत. आता अमरावतीला, अकोल्याला, फार तर नागपूरला जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवतात. रोगाचे नाव कागदावर येते, गोळ्या सुरू होतात. इथपर्यंत सारे ठीक. पण दवाखान्यातून घरी आल्यानंतर काय होते, ते आम्ही बऱ्याच घरांत पाहिले आहे आणि त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

घरी एक खुर्ची येते. हाताची, प्लास्टिकची. ती ओसरीत किंवा टीव्हीसमोर मांडली जाते आणि बाबा तिच्यावर बसतात. पाणी तिथेच, जेवण तिथेच, औषध तिथेच. जरा उठू लागले की सून धावते, नातू धावतो. "आबाजी, तुमी बसा ना! कायले उठता? पडसान!" मुलगा तर आल्यागेल्याला अभिमानाने सांगतो की बाबांना आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही.

हा अभिमान कुठून आला हे आम्हाला चांगले समजते. या आजाराने आज जी पिढी गाठली आहे तिने तरुणपणी निंदण केले, कापूस वेचला, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढल्या, रेल्वेत पहारी मारल्या. त्यांच्या आईबापांना तर बसून खाण्याचे सुख ठाऊकच नव्हते. सरकारी नोकरी करून पेन्शन घेणारी आपल्यातली ही पहिली, फार तर दुसरी पिढी. बापाला बसवून खाऊ घालणे हा आपल्या घरांत सन्मान आहे आणि तो फार कष्टाने कमावलेला आहे. म्हणून सांगताना जीभ अडखळते; परंतु सांगितलेच पाहिजे. पार्किन्सनच्या माणसाला बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. आजार त्याचे पाय जितक्या लवकर नेईल, त्याहून लवकर ते ही खुर्ची नेते.

आता हा आजार आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. आपल्या मेंदूच्या तळाकडील भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग आणि आवाका ठरवणे, हे काम या रसायनाच्या जोरावर चालते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात कापू लागण्याच्या कितीतरी आधी हे सुरू झालेले असते आणि लक्षणे नजरेत येतात तोवर मोठा भाग गेलेला असतो. मग हात कापणे, अंग ताठणे, हालचाल मंदावणे आणि पुढे तोल जाणे, अशी चार लक्षणे दिसतात. काहींचा हात कापतच नाही, केवळ सारे मंद होते. अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, चालताना एक हात हलेनासा होतो. वास न येणे आणि बद्धकोष्ठ या तक्रारी तर कित्येकदा अनेक वर्षे आधीपासून असतात.

आयुर्वेदात याच्याशी मिळत्याजुळत्या आजाराला कंपवात म्हटले आहे. आजच्या वैद्यकशास्त्रात त्याचे पहिले नीट वर्णन १८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी केले. त्यांनी सहा माणसांचे वर्णन लिहिले आणि त्यांतली काही तर त्यांनी रस्त्यावरून जाता-येताना नुसती पाहिलेली होती! हे डॉक्टर केवळ डॉक्टर नव्हते. सामान्य माणसालाही मताचा हक्क मिळाला पाहिजे म्हणून 'ओल्ड ह्युबर्ट' या टोपणनावाने त्यांनी पत्रके काढली होती. त्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. म्हणून ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन पाळतात. तीच तारीख महात्मा जोतिबा फुले यांच्या जयंतीचीही आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

एक दुखरी गोष्ट इथेच सांगून टाकतो. हात कापतो, चालताना झोक जातो, बोलणे अडखळते, मग पाहणारा म्हणतो, "घेतली वाटते!" आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला म्हातारपणी हे ऐकून घ्यावे लागते. चेहरा हलत नाही म्हणून "फार घमेंडी झाला" असेही लोक म्हणतात. अशाने माणूस बाहेर पडणेच सोडतो. लग्नाला येत नाही, विहारात येत नाही, चौकात पान खायला जात नाही. म्हणजे घरच्यांच्या मायेने जेवढे चालणे बंद झाले, त्याहून अधिक बाहेरच्यांच्या नजरेने बंद होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोगाचे नाव सांगून टाकावे, लपवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

गोळ्यांविषयी दोन शब्द. लेवोडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध १९६०च्या दशकात आले आणि आजही तेच मुख्य आहे. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. जे रसायन कमी पडले ते बाहेरून भरून देणारी ही गोळी आहे. मरणाऱ्या पेशींना ती थांबवीत नाही. म्हणूनच गोळीने कंप आणि ताठरपणा बराच कमी होतो, पण तोल, आवाज, चालता चालता पाय जमिनीला चिकटणे, या गोष्टी गोळीला तितक्या दाद देत नाहीत. व्यायामाचे काम नेमके इथे आहे.

निरोगी माणूस चालतो तेव्हा पाय कसा टाकावा याचा विचार करीत नाही. शर्टाची बटणे लावताना आपण दुसऱ्याशी बोलत असतो. रोजच्या सवयीच्या हालचाली मेंदू परस्पर उरकतो. पार्किन्सनमध्ये हा 'परस्पर उरकण्याचा' मार्ग बिघडतो. मात्र ठरवून, लक्ष देऊन, मोजून हालचाल करण्याचा दुसरा मार्ग बराच शाबूत असतो. या एका गोष्टीचा उलगडा झाला की रुग्णाच्या पुष्कळशा वागण्याचा उलगडा होतो.

नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० साली एक उदाहरण प्रसिद्ध केले ते ऐकण्यासारखे आहे. ५८ वर्षांचा एक गृहस्थ, आजाराला दहा वर्षे झालेली. चार पावले टाकली की पाय चिकटत आणि तो कोसळत असे. त्याच माणसाला सायकलवर बसवले, तर तो सराईतासारखा सायकल मारीत गेला, वळला आणि परत आला! उतरल्याबरोबर पुन्हा पाय चिकटले. सायकलच्या पायडलचे फिरणे त्याच्या पायांना ताल देत असावे, असा तर्क त्या डॉक्टरांनी केला. (हे वाचून कोणी आबाजींना सायकल देऊन अकोल्याच्या रस्त्यावर पाठवू नये. आपल्या रस्त्यांवर धडधाकट माणसाचाही तोल राहत नाही.)

ठरावीक ताल कानावर पडला, किंवा जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या, की अडलेले पाय सुटतात हे डॉक्टरांना पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. आमच्या माहितीतल्या एका घरी आजीबाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आल्या की खिळून उभ्या राहत. मागून कोणी "चाला ना" म्हणे, कोणी हात धरून ओढे. त्या अधिकच घट्ट होत आणि एकदोनदा तोंडावर पडल्याही. शाळेत जाणाऱ्या नातीने उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे हात-हात अंतरावर खडूने पांढऱ्या रेघा ओढल्या. आजीबाई रेघ पाहून रेघ ओलांडू लागल्या. अमुक एका रुग्णाला हे लागू पडेलच असे नव्हे. परंतु खडूला खर्च किती?

पाय चिकटला की ओढू नका, ढकलू नका, ओरडू नका. "थांबा" म्हणा. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलवायला सांगा. मग "एक, दोन, तीन" मोजून मोठे पाऊल टाकायला लावा. आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हटले तरी चालते. वळताना जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नका; बैलगाडी वळते तसा मोठा वळसा घ्यायला सांगा. चालताना गप्पा नकोत आणि हातात भरला पेलाही नको, कारण लक्ष दोन ठिकाणी गेले की पाय विसरतात.

हे झाले अडचणीच्या वेळचे. व्यायामाने आजाराची लक्षणे खरोखर कमी होतात काय, हा खरा प्रश्न. पूर्वी डॉक्टर मंडळीही व्यायामाकडे जोडीला जोड म्हणूनच पाहत. गेल्या वीसेक वर्षांत मात्र यावर रीतसर प्रयोग झाले.

सुरुवात एका योगायोगाने झाली असे म्हणतात. २००३ साली अमेरिकेत जे अल्बर्ट्स नावाचे संशोधक पार्किन्सन असलेल्या एका बाईंसोबत दोघांच्या सायकलवरून आयोवा प्रांत ओलांडून गेले. ते पुढे बसून जोरात पायडल मारीत, त्यामुळे मागे बाईंनाही त्याच वेगाने मारावे लागे. प्रवासात त्या बाईंचे बिघडलेले अक्षर सुधारलेले दिसले. सायकल पायांनी मारली आणि सुधारला हात! पुढे अल्बर्ट्स यांनी दहा जणांवर प्रयोग केला आणि वेगाने सायकल मारणाऱ्यांची लक्षणे कमी झालेली आढळली. दहा माणसांवरून काही ठोकून सांगता येत नाही. पण त्यामुळे इतरांचे कुतूहल जागे झाले.

२०१२ साली अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये १९५ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, ताई ची नावाचा संथ चिनी व्यायाम काहींना शिकवला, काहींना वजनाचा व्यायाम दिला, काहींना नुसते अंग ताणण्याचा. ताई ची करणाऱ्यांचा तोल सर्वांत अधिक सुधारला आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. २०१८ साली अमेरिकेतच १२८ जणांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सारे नुकतेच आजारी पडलेले, गोळी अजून सुरू न केलेले. काहींना सरकत्या पट्ट्यावर जोरात चालवले, इतके की हृदयाची गती तिच्या कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जावी. काहींना मध्यम चालवले. काहींना काहीच बदल न करता ठेवले. सहा महिन्यांनी पाहिले तर काही न करणाऱ्यांची लक्षणे मोजमापात सुमारे तीन अंकांनी वाढली होती, मध्यम चालणाऱ्यांची दोन अंकांनी, आणि जोरात चालणारे जवळजवळ जिथल्या तिथे होते. २०१९ साली नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यांतल्या काहींना घरच्या घरी जागेवरची सायकल दिली, काहींना नुसता अंग ताणण्याचा व्यायाम. आठवड्यातून तीनदा, अर्धा ते पाऊण तास. सहा महिन्यांनंतर, गोळीचा अंमल उतरलेला असताना तपासले, तरी नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा सायकलवाल्यांची लक्षणे चार अंकांनी कमी भरली.

मग उत्तम व्यायाम कोणता? नाच, पोहणे, योग, चालणे, सायकल, वजने? २०२३ साली १५६ प्रयोगांचा आणि त्यांतील ७,९३९ रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला. बहुतेक सर्व प्रकारांनी थोडाफार फायदा झाला आणि एका प्रकारात व दुसऱ्या प्रकारात फारसा फरक दिसला नाही. आम्हाला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. कारण 'आपल्याकडे ती मशीन नाही, तो वर्ग नाही' ही सबबच त्याने काढून घेतली.

तरी फुशारकी नको. व्यायामाने पार्किन्सन बरा होत नाही. हाताचा कंप व्यायामाने फारसा जात नाही. माणसांत तो आजाराची मूळ चाल रोखतो असे सिद्ध झालेले नाही. पण खुर्चीवरून आपले आपण उठणे, न पडता संडासला जाऊन येणे, रात्री अंगाखालची कूस बदलणे, झोप लागणे, पोट साफ होणे, मन प्रसन्न राहणे, यांत फरक पडतो. ज्याला हे सारे दुसऱ्याच्या हाताने करून घ्यावे लागते त्याला विचारा, हा फरक केवढा आहे!

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. व्यायामाच्या बाबतीत अमरावतीचे नाव काही लहान नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली. ज्या गावात शारीरिक शिक्षणाची एवढी परंपरा आहे, त्या गावातला म्हातारा मात्र खुर्चीत ताठत बसलेला असावा, हे आम्हाला खटकते. व्यायाम म्हणजे तालीम, तालीम म्हणजे तरुण पोरांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत.

लेझीमच घ्या ना. एक, दोन, तीन, चार असा आकडा. दर आकड्याला छमछम असा आवाज. हात लांब टाकायचा, पाऊल मोठे टाकायचे, कंबरेतून वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. पार्किन्सनच्या रुग्णाला जे जे लागते ते सारे यात आहे: मोजणी, ताल, मोठी हालचाल आणि चारचौघांची सोबत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली मुले-मुली लेझीम खेळतात ती आबाजी खुर्चीत बसून पाहतात. एक लेझीम त्यांच्याही हाती द्या. मिरवणुकीत नव्हे, अंगणात, भिंतीजवळ, बाजूला एक धडधाकट माणूस उभा करून, संथ तालात. वाकताना तोल जात असेल तर बसूनच, पण हात पुरता लांब जाऊ द्या. ढोलकीच्या ठेक्यावरचे आपल्या जलशाचे गाणे लावून अंगणात फेऱ्या मारल्या तरी तेच काम होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रुग्णांसाठी नाचाचा वर्ग सुरू केला तो जगभर गाजला आणि आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही तसे वर्ग चालविले. तिकडे जे नाचाने साधते ते इकडे लेझमीने का साधू नये, असा आमचा साधा तर्क आहे.

रोजचा व्यायाम फार गुंतागुंतीचा नको. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भरली पाहिजेत, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. चालताना थोडी धाप लागावी; बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत जोर हवा. रमतगमत केलेल्या शतपावलीला आम्ही व्यायाम धरीत नाही. अमरावतीच्या मंडळींना वडाळी तलावाकडचा रस्ता आहे, अकोल्याच्या मंडळींना कृषी विद्यापीठाचा परिसर आहे आणि ज्यांना तिथवर जाणे होत नाही त्यांना विहाराचे आवार आहे. पाऊल टाकताना टाच आधी टेकवावी आणि हात मुद्दाम मोठे हलवावेत. पाय फरफटू लागले की सोबत्याने "टाच!" एवढेच म्हणावे. घरी भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहणे, हात वर नेऊन भिंतीला टेकवणे, आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या दहा आवृत्त्या. उठण्याची एक रीत आहे. आधी खुर्चीच्या कडेशी सरकायचे, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकायचे आणि तीन म्हणताच उठायचे. या रीतीने उठणारा माणूस, काल दोघांनी धरून उठवावा लागत होता, असे आम्ही पाहिले आहे.

वेळ गोळीच्या अंमलाची निवडा. गोळी घेतल्यानंतर साधारण पाऊण-एक तासाने अंग मोकळे होते, तेव्हा व्यायाम करावा. अंमल उतरत आला असताना केलेल्या व्यायामात पडण्याची भीती अधिक. आपल्याकडचा उन्हाळाही ध्यानात ठेवला पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पार्किन्सनच्या रुग्णांचा रक्तदाब उभे राहिल्यावर एकदम खाली येण्याची शक्यता असते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी किंवा संध्याकाळी उशिरा, आणि पाणी भरपूर. उठल्याबरोबर भोवळ येत असेल तर डॉक्टरांना सांगा. हृदयाचा त्रास असणाऱ्याने आधी तपासून घेतल्याशिवाय जोराचा व्यायाम करूच नये. पायात सैल चप्पल नको, मागे पट्टा असलेले हवे. न्हाणीत ओली फरशी नको.

बायाबापड्यांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. घरातल्या बाईला हा आजार झाला तर तो कळतच नाही. पोळी लाटताना हात मंदावला की "आता हिला काम नको झालं" असे म्हणतात. कळल्यावर म्हणतात, दिवसभर काम करते ना, तिला कसला आला व्यायाम? हे खरे नाही. भांडी, झाडणे, निवडणे, या हालचाली लहान लहान, वाकून, एकाच जागी होतात. आजार जे करतो, म्हणजे हालचाल आखडणे आणि अंग पुढे वाकवणे, तेच ही कामे करतात. तिला ताठ उभे राहून हात लांब करणारा, घराबाहेर पाऊल टाकायला लावणारा व्यायाम हवा. आणि ती एकटी बाहेर पडणार नाही. सुनेने किंवा शेजारणीने तिला सोबत नेले पाहिजे.

सोबत कोण करणार, हाच खरा पेच आहे. ज्या घरातली सारी माणसे सकाळी आठला मजुरीवर जातात, त्या घराला 'बाबांना रोज अर्धा तास चालवा' असे सांगणे सोपे नाही. आम्ही एवढेच सुचवतो की एका वस्तीत दोन-तीन रुग्ण असतील तर त्यांना एकत्र आणा. शाळेत जाण्याआधी नातवाने वीस मिनिटे द्यावीत. रविवारी मुलाने द्यावा. पुण्यात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मिळून पार्किन्सन्स मित्रमंडळ चालवतात. मुंबईला २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथे व्यायाम होतो, गप्पा होतात, एकाचे पाहून दुसरा उभा राहतो. आपल्याकडे चार घरांनी ठरवले तर विहाराच्या आवारात आठवड्यातून दोनदा असे जमणे कठीण नाही. फिजिओथेरपीची सोय सरकारी रुग्णालयात विचारावी. एकदा तिथे जाऊन रीत शिकून घेतली की पुढे घरी चालते.

गोळ्यांसंबंधी एक ताकीद. व्यायामाने बरे वाटू लागले की "आता गोळी बंद करा" म्हणणारे भेटतात. 'खाजकुहिलीच्या बियांत तेच औषध असते, ते घ्या' असेही सांगतात. त्या बियांत लेवोडोपा असतो हे खरे. पण कोणत्या बीत किती याचा भरवसा नाही, आणि सुरू असलेल्या गोळीवर आणखी तेच पोटात गेले तर हात-पाय वेडेवाकडे हलू लागतात. लेवोडोपा एकाएकी बंद करणे तर जिवावर बेतू शकते. कमी-जास्त जे करायचे ते डॉक्टरांनीच करावे.

आजार फार पुढे गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे काय, असे कोणी विचारील. त्याच्यासाठीही हालचाल आहेच. दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे हळूहळू फिरवणे, पाठीशी उशा लावून दिवसातून दोनदा बसवणे. त्याने अंगाला जखमा होत नाहीत आणि छातीत कफ साचत नाही.

आणि आवाजाचा व्यायाम राहिला. पार्किन्सनमध्ये आवाज बसत जातो आणि रुग्णाला स्वतःला मात्र तो ठीकच वाटतो. त्याला वाटते घरचेच बहिरे झाले. अमेरिकेत १९८७ पासून यावर एक पद्धत चालते. ली सिल्व्हरमन नावाच्या एका रुग्ण बाईंचेच नाव तिला दिलेले आहे आणि तिचे सार एका शब्दात येते: मोठ्याने. 'आ' लांबवायचा, मोठ्याने मोजायचे, मोठ्याने वाचायचे. तेव्हा हा अंक घरी आला की आधी आबाजींच्या हाती द्या, ताठ बसवा आणि एक पान वाचून दाखवायला सांगा. तुम्ही दारात जाऊन उभे राहा. तिथवर शब्द आला नाही तर रागावू नका, फक्त म्हणा, "आबाजी, अजून मोठ्यानं."